आधी दोघांचा कागद, मग लेबलचा

प्रश्न: आम्ही दोघं मिळून हिप-हॉप करतो. एक जण बीट बनवतो आणि रॅपही करतो, दुसरा लिहितो आणि रॅप करतो. आजवरची सगळी गाणी स्वतःच्या पैशानं काढली. छोट्या हॉलमधले कार्यक्रम भरतात, समोरचे लोक आमच्या ओळी तोंडपाठ म्हणतात, पण त्या वर्तुळाबाहेर आमचं नाव कुणाला माहीत नाही. आता एका रेकॉर्ड लेबलनं (गाणी काढणाऱ्या कंपनीनं) तीन अल्बमचा करार पुढे केला आहे. सही करावी, की स्वतंत्र राहूनही मुख्य प्रवाहात जाता येतं?

उत्तर: जाता येतं, आणि त्यासाठी सगळी कामं स्वतःच करायची गरज नाही. गाण्यांची मालकी तुमच्याकडे ठेवा. बाकीची यंत्रणा लागेल तेव्हा, लागेल तेवढीच भाड्यानं घ्या. मात्र लेबलच्या कागदाकडे बघण्याआधी एक कागद तुम्हा दोघांमध्ये व्हायला हवा. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्याबद्दल आहे.

मी स्वतंत्र कलाकारांची रेकॉर्डिंग, रिलीज आणि करार यांचं काम बघतो. अपयशानं जोड्या फुटलेल्या मी फार कमी पाहिल्या. पैसे नसतात तेव्हा वाटून घ्यायलाही काही नसतं. पहिली मोठी रक्कम खात्यात येते, किंवा पहिल्यांदा कुणी दोघांपैकी एकाचीच मुलाखत मागतं, तेव्हा आजवर न बोललेलं सगळं एकदम वर येतं. तुम्ही नेमके त्या उंबरठ्यावर आहात.

आधी तुमच्या मूळ शंकेचं बघू. स्वतंत्र जोडीनं मुख्य प्रवाहात जाण्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण मॅकलमोर आणि रायन लुईस यांचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी 'द हाइस्ट' हा अल्बम स्वतः काढला आणि तो अमेरिकेच्या अल्बम यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. वितरणासाठी त्यांनी वॉर्नर समूहाच्या वितरण कंपनीशी करार केला होता. 'थ्रिफ्ट शॉप' हे गाणं आपल्या बळावर पसरायला लागलं तेव्हा देशभरातल्या रेडिओपर्यंत पोचायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. ते काम त्यांनी वॉर्नरच्याच रेडिओ विभागाकडून मोबदला देऊन करून घेतलं. २०१३ च्या सुरुवातीला गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेच्या मुख्य गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये जोडीला चार ग्रॅमी मिळाले. मास्टर, म्हणजे गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी शेवटपर्यंत त्यांचीच राहिली.

ही गोष्ट सांगताना लोक एक भाग नेहमी गाळतात. मॅकलमोर २००० सालापासून गाणी काढत होता आणि रायन लुईसबरोबरचं पहिलं एकत्र काम २००९ चं. रेडिओसाठी पैसे मोजायची वेळ आली तोवर सिएटल या त्यांच्या शहरात त्यांच्यासाठी तिकीट काढणारे लोक तयार होते आणि गाणं आपोआप वाढतंय हे दिसत होतं. जे आधीच चालतंय त्याचा वेग त्यांनी वाढवला. न चालणारं गाणं रेडिओच्या पैशानं चालवायचा प्रयत्न करणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, कारण ती गाणी आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत.

रन द ज्वेल्स या जोडीची वाट याच्या जवळजवळ उलटी. एल-पी आणि किलर माइक दोघंही मुरलेले, लेबलांचे बरे-वाईट दिवस पाहिलेले. २०१३ मध्ये त्यांनी पहिला अल्बम फुकट डाउनलोडला ठेवला. पुढचे तिन्हीही, अगदी २०२० चा चौथासुद्धा, तसेच दिले. ईमेल द्या आणि अल्बम घ्या, एवढाच व्यवहार. त्या ईमेलच्या यादीवर पुढे व्हायनल (तबकड्या) विकलं गेलं, कपडे विकले गेले, दौऱ्यांची तिकिटं गेली. रेकॉर्डिंगमधून थेट पैसा काढायचाच नाही असं ठरवून त्यांनी सगळं गणित मांडलं, आणि तरी मोठ्या महोत्सवांच्या मुख्य मंचापर्यंत पोचले.

या दोन वाटांपैकी तुमची कोणती, हे तुमचा श्रोता पैसे कुठे खर्च करतो यावर ठरतं. तुम्ही म्हणता हॉल भरतात आणि लोक ओळी म्हणतात, म्हणजे तुमचं बळ मंचावर आहे. तसं असेल तर रन द ज्वेल्सचा हिशेब तुम्हाला जवळचा आहे, आणि लेबलनं कार्यक्रमांच्या उत्पन्नातला वाटा मागितला असेल तर तो तुमच्या सगळ्यांत सकस जागेवर हात घालणं आहे. त्याकडे पुन्हा येतो.

आता दोघांच्या कागदाकडे. एरिक बी आणि राकीम ही हिप-हॉपच्या इतिहासातली सगळ्यांत आदरानं घेतली जाणारी जोडी. १९८७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर रॅप लिहिण्याची पद्धतच बदलली, कारण राकीमनं यमक ओळीच्या शेवटापुरतं न ठेवता ओळीच्या पोटात आणलं. १९९२ मध्ये त्यांचा चौथा आणि शेवटचा अल्बम आला. दोघांनाही एकेकट्याचं काम करायचं होतं, पण राकीमला मोकळं करणाऱ्या कागदावर एरिक बीनं सही केली नाही. आपण मागे राहू ही त्याची भीती होती. प्रकरण कोर्टात गेलं, लांबलं, आणि राकीमचा पहिला स्वतंत्र अल्बम आला १९९७ मध्ये. हिप-हॉपची भाषा दर वर्षी बदलत होती त्या काळातली पाच वर्षं गेली. त्या दोघांत कोण बरोबर होतं हे मला ठरवायचं नाही. एकट्यानं काम करायचं झालं तर काय, याचं उत्तर दोघंही खूश असतानाच लिहून ठेवलेलं असतं तर कोर्टापर्यंत जायची वेळ आली नसती असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि दोन्हींचा वाटा वेगळा लिहावा लागतो. हिप-हॉपमध्ये रचनेचा निम्मा वाटा बीटचा आणि निम्मा शब्दांचा धरायची पद्धत आहे. ती तुम्हाला लावून बघा. बीट करणाऱ्याला बीटचे ५० टक्के आणि निम्म्या शब्दांचे २५, म्हणजे ७५. दुसऱ्याला २५. कागदावर हे रीतसर आहे. पण लोक ज्याच्या ओळी तोंडपाठ म्हणतात तो कदाचित हाच २५ टक्केवाला असेल. दोन-तीन वर्षांनी त्याला हा आकडा कसा टोचेल, याचा विचार आज करा.

माझं मत स्पष्ट आहे. दोघंही पूर्ण वेळ या कामात असाल तर जोडीच्या नावानं येणाऱ्या प्रत्येक गाण्याची रचना आणि मास्टर दोन्ही निम्मं-निम्मं ठेवा, एखाद्या गाण्यात कुणी जास्त लिहिलं असलं तरी. असं न केल्यास स्टुडिओत बसल्यावर गाण्याला काय हवंय यापेक्षा आपला व्हर्स (रॅपचं कडवं) त्यात राहतो का, याकडे लक्ष जातं. एका व्हर्समध्ये संपणारं गाणं दोन व्हर्सचं होतं, कारण व्हर्स कापला की वाटा कापला जातो. बीट करणारा बाहेरच्यांना बीट विकत असेल तर ते पैसे त्याचेच, जोडीचा त्यावर हक्क नाही. त्यानं स्वतःच्या पैशानं माइक, स्पीकर, सॉफ्टवेअर घेतलं असेल तर तो खर्च पहिल्या कमाईतून आधी त्याला परत जावा. हे एवढं केलं की निम्म्या वाटणीत त्याच्यावर अन्याय होत नाही.

मग नाव. जोडीचं नाव आणि लोगो कुणाचा? ट्रेडमार्क दोघांच्या नावानं घ्या. एक जण बाहेर पडला तर दुसऱ्याला त्या नावानं नवं काम काढता येईल का? मी बहुतेकांना 'नाही' असं लिहायला सांगतो. जुन्या गाण्यांतला वाटा मात्र गेलेल्याला आयुष्यभर मिळत राहिला पाहिजे. डिस्ट्रिब्युटरचं (गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या वितरकाचं) खातं, यूट्यूब चॅनेल, ईमेलची यादी, प्रत्येक गाण्याचे स्टेम्स (वाद्यांचे आणि आवाजांचे सुटे ट्रॅक): या सगळ्याचे पासवर्ड आणि प्रती दोघांकडे हव्यात. एका जोडीचं भांडण झालं तेव्हा सगळी गाणी एकाच्याच वैयक्तिक ईमेलच्या खात्यात होती. रागाच्या भरात त्यानं ती एका रात्रीत सगळीकडून उतरवली. पुढे समेट झाला, गाणी परत चढली, पण प्लेलिस्टमधल्या जागा गेल्या त्या गेल्याच.

दोनच माणसं असतात तिथे बहुमत नसतं, ही जोडीची खास अडचण आहे. तिघांच्या गटात दोन विरुद्ध एक असा निकाल लागतो, तुमच्यात प्रत्येक मतभेद बरोबरीत सुटतो. त्यामुळे शेवटचा शब्द कुणाचा हे विषयवार वाटून घ्या. साउंड आणि मिक्सबद्दल एकाचा, व्हिडिओ आणि मंचावरच्या कार्यक्रमाबद्दल दुसऱ्याचा. पैशाच्या बाबतीत अडलात तर दोघांना मान्य असलेल्या एका तिसऱ्या माणसाचं ऐकायचं, आणि त्याचं नाव कागदात घालायचं.

एकेकट्याच्या कामाचं दार बंद करू नका. आउटकास्ट या जोडीनं २००३ मध्ये एकाच नावाखाली दोन अल्बम एकत्र काढले, एक बिग बॉयचा आणि एक आंद्रे ३००० चा. दोघांच्या आवडी तोवर बऱ्याच लांब गेल्या होत्या. फुटण्यापेक्षा त्यांनी एकाच खोक्यात दोन खोल्या केल्या, आणि २००४ च्या ग्रॅमीत त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला. तुमच्या कागदात इतकंच असू द्या: एकट्याचं काम चालेल, पण जोडीच्या रिलीजच्या आधी आणि नंतर ठरावीक आठवडे ते बाहेर येणार नाही.

कागद झाला असं धरून आता गाण्यांकडे येतो. तुमची गाणी मी ऐकलेली नाहीत, पण बहुतेक जोड्यांत जे दिसतं ते सांगतो.

दोन चांगले रॅपर एका गाण्यात येतात आणि रांगेत उभं राहिल्यासारखे एकामागून एक आपापले १६ बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणून जातात. हिशेब करा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक बार सुमारे २.७ सेकंदांचा. चार बारांचा इंट्रो म्हणजे ११ सेकंद, १६ बारांचा व्हर्स ४३, आठ बारांचा हुक (परत परत येणारं धृपद) २१. दुसरा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो तो ७५ व्या सेकंदाला. स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजतं. जो ३० सेकंदांत निघून गेला त्याला तुम्ही जोडी आहात हे कळलंच नाही. अनोळखी माणसासाठी तुमचं सगळ्यांत मोठं वेगळेपण तोवर दडलेलंच राहतं.

दोन्ही आवाज पहिल्या ३० सेकंदांत यायला हवेत, यावर मी अडून बसतो. दर वेळी व्हर्सच छोटा करायला हवा असं नाही. चार-चार बार वाटा, मग दोन-दोन, मग एकानं ओळ सुरू करावी आणि शेवटचा शब्द दुसऱ्यानं टाकावा. रन-डीएमसी आणि ईपीएमडी या गटांनी १९८० च्या दशकात हेच करून दोन गळ्यांचा एक माणूस उभा केला होता. आज हे करणारे कमी आहेत, कारण आपापला व्हर्स घरी बसून रेकॉर्ड करून पाठवणं सोपं आहे. ओळी वाटून घ्यायच्या तर एका खोलीत, एका माइकसमोर बसावं लागतं. तुम्ही दोघं एका गावात, एका खोलीत बसू शकत असाल तर दूर राहून काम करणाऱ्यांपेक्षा ही तुमची जमेची बाजू आहे, ती वाया घालवू नका.

आवाजांतला फरक मिक्समध्ये जपा. पुष्कळदा दोघांच्या ट्रॅकवर एकच प्रीसेट (आवाजाची तयार सेटिंग) टाकलेला असतो, तीच ईक्यू, तोच कॉम्प्रेसर, तोच रिव्हर्ब, आणि दोन माणसांचा एक सपाट आवाज होतो. जाड गळ्याला थोडं कोरडं आणि जवळ ठेवा, पातळ गळ्याला वरची चमक आणि किंचित जागा द्या. मुख्य आवाज दोघांचेही मध्येच राहू द्या, डबल्स (त्याच ओळी पुन्हा म्हणून घेतलेले थर) बाजूंना जाऊ द्या. आणि ॲडलिब (ओळींमधले सुटे उद्गार) स्वतःच्या व्हर्सखाली स्वतः करू नका, जोडीदाराला करू द्या. एवढ्या एका बदलानं दोन सुट्या व्हर्समध्ये संवाद सुरू होतो. हे सगळं जमलं की नाही हे बघायला, तुम्हाला न ओळखणाऱ्या एखाद्याला गाणं ऐकवा आणि फक्त विचारा, किती जण गातायत? उत्तरासाठी त्याला थांबावं लागलं तर अजून काम बाकी आहे.

मुख्य प्रवाहात जायचं म्हणून बोली सौम्य करणं, संदर्भ पुसणं, चालू साच्यातला हुक लावणं याचा मोह तुम्हाला होईल. लेबलचा माणूसही कदाचित तेच सुचवेल. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांत आउटकास्टला नवोदितांचा पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृहातून हुर्यो झाली. हिप-हॉप म्हणजे पूर्व किनारा किंवा पश्चिम किनारा असा तो काळ, आणि हे दक्षिणेतल्या अटलांटाचे. न्यूयॉर्कसारखं वाजवायला लागणं सोपं होतं. त्यांनी पुढच्या वर्षीचा अल्बम आणखी अटलांटाचा, आणखी विचित्र केला. भारतात सीधे मौत या दिल्लीच्या जोडीनं २०१८ मध्ये 'बयान' काढला, सेझ ऑन द बीट या निर्मात्याच्या बीट्सवर आणि आझादी रेकॉर्ड्स या स्वतंत्र लेबलवर. त्यातली हिंदी दिल्लीच्या पोरांची आहे, कुणासाठी धुऊन-पुसून ठेवलेली नाही, आणि दिल्लीबाहेरच्या श्रोत्यांना ती जोडी त्या हिंदीसकट भिडली. तुमच्या ओळी जे तोंडपाठ म्हणतात, ते तुमच्या बोलण्याच्या ढंगासाठीच म्हणत असणार.

सॅम्पलबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याबद्दल, मी कडक आहे. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या एका गाण्यात गायक गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा परवानगीशिवाय घेतलेला तुकडा होता. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं निकाल विरोधात दिला आणि अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला. दे ला सोल या त्रिकुटाचं तर त्याहून वाईट झालं. त्यांचे सुरुवातीचे अल्बम सॅम्पलांनी विणलेले, आणि परवानग्या व करार डिजिटल काळाआधीच्या भाषेत लिहिलेले. त्यामुळे ते अल्बम ३ मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊच शकले नाहीत. एक अख्खी पिढी त्यांना न ऐकता मोठी झाली, आणि त्रिकुटातला डेव्ह त्या तारखेच्या काहीच आठवडे आधी वारला. मला हे फार लागतं. संगीत उत्तम होतं, माणसं कष्टाळू होती, आणि त्यांना अडवलं ते कागदांनी.

उलट बाजूनं, तुमचे सगळे बीट घरचे असतील तर तुमच्या हातात असं काही आहे ज्याची किंमत तुम्हाला बहुधा ठाऊक नाही. चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीसाठी गाणं निवडणाऱ्याला रचना आणि मास्टर या दोन्हींची परवानगी लागते. नामांकित गाण्यात ती सात-आठ जणांकडे विखुरलेली असते. तुमच्याकडे दोन सह्यांत काम होतं, तेही त्याच दिवशी. वेळ कमी असलेला माणूस अशी गाणी शोधत असतो. म्हणून प्रत्येक मिक्स संपेल त्याच दिवशी इन्स्ट्रुमेंटल, शिव्या नसलेली आवृत्ती, अकापेला (फक्त आवाज) आणि स्टेम्स काढून ठेवा. मात्र बीट इंटरनेटवरून लीजवर घेतलेला असेल तर त्याचा परवाना नीट वाचा. बहुतेक स्वस्त लीजमध्ये स्ट्रीमची मर्यादा असते आणि तोच बीट इतरांनाही विकलेला असतो. गाणं चाललं तर त्याच घडीला अडचण सुरू होते.

रिलीजची यांत्रिक बाजू थोडक्यात. डिस्ट्रिब्युटरकडे गाणं चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायला रिलीजच्या किमान सात दिवस आधीची अट आहे, पण सात दिवस अगदीच काठावरचे. गाणं एका डिस्ट्रिब्युटरकडून दुसऱ्याकडे नेताना तोच आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख) क्रमांक कायम ठेवा, नाहीतर जुने आकडे तुटतात. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे वीस अर्धवट गाणी टाकण्यापेक्षा पाच पूर्ण गाणी बरी. रचनेचे पैसे डिस्ट्रिब्युटर आणत नाही, त्यासाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे दोघांनी वेगळी नोंदणी करावी लागते. बरेच स्वतंत्र कलाकार हे करतच नाहीत. स्ट्रीम विकत देणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोटे स्ट्रीम सापडले की प्लॅटफॉर्म डिस्ट्रिब्युटरला दंड लावतो, डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं उतरवतो.

मंचावर जोडीला एक देणगी असते, श्वासाची. एकटा रॅपर दमतो तेव्हा ओळीचा शेवट गिळतो. तुमच्यात दुसरा तो शब्द उचलू शकतो. त्यासाठी बॅकिंग ट्रॅकमधून मुख्य आवाज काढून टाका, फक्त बीट आणि हुकचे थर ठेवा. रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ओठ हलवणारी जोडी पहिल्या मिनिटात ओळखू येते, आणि महोत्सवाचे लोक अशांना परत बोलावत नाहीत. तुमचा हॉल भरतो, छान. पण तो आधीच तुमचा असलेल्या लोकांनी भरतो. आता पुढचं वर्ष दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत सुरुवातीची २०-२५ मिनिटं मागा, शक्यतो हिप-हॉपबाहेरच्या बँडसोबतही. तिथे तुम्हाला न ओळखणाऱ्यांपैकी किती जण शेवटी ईमेल देऊन जातात, हा आकडा मी फॉलोअर्सच्या आकड्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतो.

आता तो करार. तीन अल्बम म्हणजे तीन अल्बमची हमी, असं तुम्ही वाचलं असेल. बहुतेक करारांत पहिला अल्बम पक्का असतो आणि पुढचे दोन मागायचे की नाही हे फक्त लेबल ठरवतं. त्यांना नको असेल तर ते मोकळे, त्यांना हवं असेल तर तुम्ही बांधलेले. क्लिप्स या भावांच्या जोडीचं बघा. त्यांचा पहिला अल्बम १९९९ मध्ये लेबलनं काढलाच नाही. २००२ मध्ये दुसऱ्या लेबलवर यश मिळालं, मग कंपन्यांच्या विलीनीकरणात पुढचा अल्बम २००६ पर्यंत अडकला. मधल्या काळात त्यांनी मिक्सटेप काढत राहून नाव जिवंत ठेवलं. पुढे पाहुण्या कलाकाराच्या एका व्हर्सवरून लेबलशी मतभेद झाला तेव्हा ते बाहेर पडले आणि २०२५ मध्ये अल्बम रॉक नेशन या कंपनीच्या केवळ वितरणावर काढला. त्यांना बाहेर पडता आलं कारण तोवर त्यांची पत मोठी होती. तुम्हाला ते पहिल्याच करारात लिहून घ्यावं लागेल.

ॲडव्हान्सचं, म्हणजे लेबल आगाऊ देतं त्या रकमेचं गणित करून बघा. समजा ॲडव्हान्स १०० आहे आणि तुमची रॉयल्टी २० टक्के. ॲडव्हान्स फिटतो तुमच्या २० टक्क्यांतून, म्हणजे एकूण कमाई ५०० होईपर्यंत तुम्हाला पुढचा पैसा दिसत नाही, आणि त्या ५०० मधले ४०० लेबलकडे गेलेले असतात. व्हिडिओ आणि प्रसिद्धीचा खर्चही तुमच्या खाती टाकला तर ५०० चे ८०० किंवा १,००० होतात. तोच १०० चा ॲडव्हान्स एखाद्या वितरकानं दिला आणि त्यानं ३० टक्के ठेवून ७० तुम्हाला दिले, तर साधारण १४३ वर तो फिटतो. वितरक तुमच्यासाठी लेबलइतकं काम करणार नाही, हे खरं. पण त्या फरकात रेडिओसाठी एक माणूस, प्रसिद्धीसाठी एक माणूस नेमता येतो, आणि मास्टर तुमचंच राहतं.

म्हणून लेबलला लगेच नकार देऊ नका, उलट प्रस्ताव पाठवा. एकाच अल्बमचं लायसन्स, सात वर्षांसाठी, त्यानंतर मास्टरचे सगळे हक्क तुमच्याकडे परत. अल्बम सुपूर्द केल्यापासून ठरलेल्या महिन्यांत तो बाहेर आला नाही तर हक्क आपोआप परत. कार्यक्रमांच्या उत्पन्नात वाटा नाही, किंवा जे कार्यक्रम लेबलनं स्वतः मिळवून दिले तेवढ्यातच. पुढे दुसरा अल्बम झालाच तर पहिल्याचा न फिटलेला ॲडव्हान्स त्याच्या कमाईतून वळता करायचा नाही. आणि जोड्यांच्या करारात हमखास असणारं एक कलम शोधा: गट फुटला तर प्रत्येक सदस्याच्या एकट्याच्या कामावरही लेबलचा पहिला हक्क. ते काढून टाकायला सांगा. काढत नसतील तर त्याला मुदत आणि किमान रक्कम लावून घ्या.

हे सगळं तुमच्या वकिलानं वाचलं पाहिजे, लेबलनं सुचवलेल्या नाही, आणि संगीताचे करार केलेला वकील हवा. दोन आठवडे लेखी मागून घ्या. दरम्यान पुढचं गाणं ठरलेल्या तारखेला येऊ द्या. बोलणी चालू आहेत म्हणून रिलीज थांबवणाऱ्या जोड्यांचे सहा-सहा महिने जातात. फक्त या काळात 'एक्सक्लुझिव्ह' हा शब्द असलेल्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही करू नका. एखादा बीट विकायचा असो किंवा कुणाच्या गाण्यात फीचर (पाहुणा म्हणून व्हर्स) असो, आधी तो कागद वकिलाकडे जाऊ द्या.